घर काढताय? आधी माग कुठं बसणार ते ठरवा
आंधळगाव (ता. मोहाडी) : भात विकून चार पैसे हाती आले की उन्हाळा हा घर काढायचा हंगाम. मातीच्या भिंती, कवेलूचं छप्पर, समोर सपरी, मागे सांदवाडी अशी जुनी घरं या भागात अजून आहेत. माकडं कवेलू फोडतात, दरवर्षी पावसाळ्याआधी ते फेरावे लागतात आणि फेरणारी माणसं आता सहज मिळत नाहीत. त्यामुळे स्लॅबचा विचार येणं साहजिक आहे.

अडचण वेगळीच आहे. घर एका दमात बांधायला पैसा नसतो. यंदा एक खोली, दोन वर्षांनी संडास, पोराच्या लग्नाला वरची खोली. नवी खोली जुनीची खिडकी बुजवते, मग संडासाचा पाइप काढायला नवी फरशी फोडावी लागते. एकाच कामाचे दोनदा पैसे जातात. म्हणून बांधकाम तुकड्यानं झालं तरी नकाशा मात्र पुऱ्या घराचा हवा. पुढच्या २० वर्षांत इथं कोण राहणार, किती चुली होणार, काय धंदा चालणार, हे आधी कागदावर उतरवा. मिस्त्रीच्या तोंडी हिशेबावर सोडू नका.

आंधळगाव कोसा विणणाऱ्यांचं गाव. इथं नकाशात पहिला प्रश्न मागाचा. जुन्या घरात माग मातीच्या जमिनीत, खड्ड्यावर असतो. जाड भिंतीमुळे खोली थंड राहते. त्याच जागी चार इंची भिंत आणि उघडा स्लॅब आला की मे महिन्यात खोली भट्टी होते. हवा कोरडी झाली की धागा जास्त तुटतो, विणणाऱ्याचाही दम निघतो. पाहुण्यांची खोली चकाचक आणि रोजीरोटीची खोली तापलेली, हा व्यवहार उलटा आहे. मागाची खोली उत्तरेला किंवा पूर्वेला ठेवा, दुपारचं पश्चिमेचं ऊन तिच्या भिंतीवर येऊ देऊ नका. विणणाऱ्याच्या बाजूनं उजेड येईल अशी खिडकी आणि गरम हवा जायला छताजवळ समोरासमोर झरोके ठेवा. मागाची लांबी-रुंदी, ताणा ताणायची जागा आणि मागाभोवती फिरायची वाट टेपनं मोजून मगच खोलीचं माप ठरवा. खड्डा भिंतीच्या पायव्याला लागून घेऊ नका. पोरं विणकामात राहतील की नाही, हा प्रश्न आहेच. पण तीच खोली उद्या दुकानाला किंवा शिलाईला देता येईल, म्हणून तिला रस्त्याकडून एक दार असू द्या.

जुनं सगळंच पाडायची गरज नसते. सेवाग्रामची बापू कुटी १९३०च्या दशकातली, मातीची आणि कवेलूची. निगा राखल्यामुळे आजही उभी आहे. मातीची भिंत मरते ती ओलीनं आणि उधईनं. छप्पर गळत नसेल, भिंत उभी सरळ असेल, तर जोत्याभोवतीचं पाणी दूर काढून आणि छपराचा काठ बाहेर वाढवून ती खोली बरीच वर्षं वापरता येते. भिंत फुगली असेल, झुकली असेल किंवा आरपार भेग गेली असेल तर मात्र पाडलेलीच बरी. अशा भिंतीवर स्लॅबचा भार देण्याचा विचारही करू नका.

नव्या भागाचा पायवा जमीन बघून. बरडीवर, मुरमावर काम सोपं. कन्हारीत, म्हणजे काळ्या चिकट मातीत, पावसात जमीन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथं वरवरचा पायवा घातला की दोन-तीन वर्षांत भिंतीला तिरप्या चिरा पडतात. अशा जागी पायव्याची खोली आणि प्रकार अभियंत्याकडून ठरवून घ्या. त्याची फी नंतरच्या डागडुजीपेक्षा स्वस्त पडते. वर मजला चढवायचा असेल तर तेही आजच सांगा, कारण फुटिंग आणि कॉलम त्या भारासाठीच धरावे लागतात. गच्चीवर सोडलेला लोहा उघडा ठेवू नका. गंज चढला की पुढं तो कामाचा राहत नाही. त्याला सिमेंटची स्लरी लावून वरून कच्च्या काँक्रीटनं झाका. आणि जिना बाहेरून घ्या. भावाभावांत वाटणी झाली तर वरचं घर वेगळं करता येतं. घरात हा विषय कोणी काढत नाही, पण नकाशात काढावा.

संडास मागाहून करायची गोष्ट नाही. दोन खड्ड्यांचा संडास असेल तर एक भरल्यावर दुसरा वापरात घेतात आणि भरलेला खड्डा निदान दीड-दोन वर्षं बंद ठेवतात. मग त्याचं खत होतं. त्या दोन्ही जागांवर पुढं खोली येणार नाही आणि विहीर किंवा बोअर किमान १० मीटर लांब राहील, हे आजच बघा. घरात म्हातारं माणूस आहे, उद्या आपणही होणार आहोत. म्हणून संडास झोपायच्या खोलीजवळ, दार ३ फुटांचं, उंबरठा सपाट, बसायला कमोड आणि धरायला भिंतीत पक्की दांडी असावी. पायऱ्या ६ इंचांपेक्षा उंच नकोत.

जिल्ह्यात वर्षाला साधारण १३०० मिमी पाऊस पडतो. १००० चौरस फुटांच्या छतावरून, वाया जाणारं सोडलं तरी, ९० हजार लिटरच्या वर पाणी धरता येतं. ते जोत्याशी न सोडता पाइपनं टाक्यात किंवा शोषखड्ड्यात न्या. गच्चीचा दक्षिणेकडचा भाग टाकी न ठेवता मोकळा सोडा. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला एकूण ७८ हजार रुपये अनुदान आहे. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते.

कागदांचं थोडक्यात : नमुना ८ हा कराचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतली सनद मिळाली असेल तर हद्द तिच्यावरून तपासा आणि बांधकामाआधी ग्रामपंचायतीची परवानगी घ्या. घरकुलाचे १ लाख २० हजार रुपये हे किमान २५ चौरस मीटरच्या घरासाठी आहेत. नाव यादीत असेल तर ती खोली पुऱ्या नकाशाचा पहिला तुकडा म्हणून बसवा.

स्लॅब टाकायची तारीख विहिरीचं पाणी बघून धरा. आजकालच्या पीपीसी सिमेंटला उन्हाळ्यात १४ दिवस सतत ओल हवी. मे अखेरीस पाणी आटल्यावर बादलीनं शिंपडलेलं पुरत नाही. मार्चमध्ये स्लॅब पडला तर कडेनं मातीची पाळी करून पाणी तुंबवून ठेवता येतं.