थायरॉईडची गोळी : ‘नैसर्गिक’ शब्दाला भुलू नका

भाताची लावणी आटोपली की शेतकरी मेळाव्यात बायाबापड्या जरा निवांत बोलतात. खताचा विषय संपला की तब्येतीचा निघतो. अलीकडे मुरबाड, शहापूरपासून कल्याणच्या गावांपर्यंत एक प्रश्न हमखास येतो. ‘‘साहेब, थायरॉईडची गोळी जन्मभर घ्यायची म्हणतात. त्यापेक्षा ते नैसर्गिक औषध घेतलं तर?’’

थायरॉईड ही गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. तिचा रस कमी पडला की अंगात त्राण राहत नाही, वजन वाढते, थंडी सोसत नाही, पोट साफ होत नाही, केस गळतात, पाळी बिघडते. घरचे म्हणतात, आळशी झाली! मुंबई आणि गोव्यासह देशातील 8 शहरांत केलेल्या पाहणीत सुमारे 11 टक्के प्रौढांत हा विकार आढळला. ही पाहणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली.

आता ‘नैसर्गिक’ म्हणजे काय ते पाहू. हा झाडपाला नव्हे. डुकराची थायरॉईड ग्रंथी सुकवून, दळून केलेली ही गोळी आहे. माळकऱ्यांनी आणि मुसलमान बांधवांनी हे आधी जाणून घ्यावे.

या औषधाने एकेकाळी प्राण वाचवले, हेही खरे. 1891 मध्ये इंग्लंडात डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क एका आजारी बाईला टोचला. ती बाई पुढे 28 वर्षे जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी 870 हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. 1927 मध्ये थायरॉक्सिन प्रयोगशाळेत बनवता आले. आज आपल्याकडे डॉक्टर देतात ती लेव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे हुबेहूब आपल्या शरीरातलेच थायरॉक्सिन.

शेणखत आणि पोत्यातले खत

शेणखताच्या दोन गाड्या कधी सारख्या नसतात. पोत्यावर मात्र नत्र किती, स्फुरद किती, ते छापलेले असते. जमीन थोडे कमीजास्त सोसते, काळीज सोसत नाही. सुकवलेल्या ग्रंथीत टी-3 हा जलद काम करणारा भाग माणसाच्या गरजेपेक्षा जास्त असतो. मात्रा चुकली तर छातीत धडधड होते, हाडे ठिसूळ होतात. 2020 मध्ये अमेरिकेत अशा गोळ्यांचे काही लॉट परत मागवावे लागले. काहींत औषध जास्त होते, काहींत कमी. परदेशात काही रुग्णांना ही गोळी बरी वाटते, तिथले काही डॉक्टर ती देतातही. पण ती देखरेखीखाली, रक्त तपासून. कुणीतरी आणून दिलेली पुडी म्हणजे औषध नव्हे.

गोळी घेताना

लेव्होथायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी. चहा, न्याहारी त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने. लोहाची व कॅल्शियमची गोळी चार तासांनी. बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नये. गरोदर बाईने तर मुळीच नाही. पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ यावर अवलंबून असते. उलट गरोदरपणात मात्रा बहुधा वाढवावी लागते. दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना सांगावे.

मीठ तपासा

ग्रंथीला आयोडीन लागते. भाईंदर, वसईच्या मिठागरांचे खडे मीठ आपल्याकडे पूर्वीपासून वापरात आहे. सुकटीला ते चालेल, पण रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठच हवे. 2006 पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास बंदी आहे. ग्राहकाच्या हाती पडताना मिठात किमान 15 पीपीएम आयोडीन असावे, असा नियम आहे. डबा झाकून, चुलीच्या धगीपासून दूर ठेवा. मात्र एकदा ग्रंथी बिघडली की नुसत्या मिठाने ती बरी होत नाही. जास्त मीठ खाल्ले तर रक्तदाब वाढेल, एवढेच.

शेळ्यांनाही हेच लागू. आयोडीन कमी पडले तर करडे गळ्याला गाठ घेऊन, अशक्त किंवा मेलेली जन्मतात. खनिज मिश्रण द्या.

सरपंच, ग्रामसेवक आणि आशाताईंना विनंती. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. वर्षभर थकलेली, सुजलेली बाई दिसली तर तिला आरोग्य केंद्रात टीएसएच तपासणीबद्दल विचारायला पाठवा. रोग रक्तात कळतो. पुडी बांधणाऱ्याला तो दिसत नाही.