रिव्हर्सिंग स्टेशनवरची मराठी

खंडाळ्याचा घाट चढताना आगगाडी पूर्वी मध्येच थांबायची. पुढे रूळच नसायचे! मग इंजिन सुटून मागच्या टोकाला लागायचं आणि शेपूट पुढे करून गाडी वर निघायची. हे रिव्हर्सिंग स्टेशन. ३७ फुटांत एक फूट अशा चढावर वळायला जागा कुठली? १९२९ पर्यंत हेच चाललं.

कॉलेजातली मराठी अशीच चढली आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, खंडाळा-पुणे रेल्वे १८५८ ची. विद्यापीठात मराठीला आधी जागा होती. १८६० च्या दशकात वरच्या परीक्षांतून ती गेली. उच्च शिक्षणाला अभिजात भाषाच हव्यात, हा तेव्हाचा आग्रह. (तीच मराठी ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात ठरली!) न्यायमूर्ती रानड्यांनी खटपट केली आणि १९०१ च्या सुमारास मराठी परत आली, तीही थेट एम.ए.ला. बी.ए.ला नंतर. शेपूट पुढे!

आणि पूर्वी मराठी लिहिणं म्हणजे तरी काय होतं? मोडी लिपी आठवा. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगत जायचं, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने ओळखायचं. स्वल्पविराम, पूर्णविराम मराठीत रुळवले मेजर कँडी नावाच्या इंग्रजाने. आपण श्वास घेतो ती जागा कागदावर दिसू लागली, याला दोनशे वर्षंही झालेली नाहीत!

आज कॉलेजातल्या मराठीचा वाद वेगळा आहे. एक बाजू म्हणते, कविता-कादंबरी पुरे, बातमी, जाहिरात, अनुवाद, इतिवृत्त शिकवा. दुसरी म्हणते, साहित्य गेलं की भाषा पोकळ झाली. आता तर यंत्रही निबंध लिहून देतं, मग शिकवायचं काय?

मला हे दोन रूळ वेगळे वाटतच नाहीत. लोणावळ्याहून लोकलने पुण्याला जाणारी एखादी मुलगी घ्या. पावसात गाडी रखडली, परीक्षा चुकली, अर्ज लिहायचा आहे. ‘गाडी उशिरा आली’ हे आधी लिहावं की ‘मला परीक्षा द्यायची आहे’ हे? पहिल्याने सबब दिसते, दुसऱ्याने इच्छा. वाचणारे प्राचार्य कधी भेटलेले नाहीत, तरी त्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आणावा लागतो. कादंबरीकार तरी दुसरं काय करतो? तिने पहिली ओळ खोडली आहे. पेन अजून कागदावरच टेकलेलं आहे.