माळढोकाच्या मरुभूमीत

बेंगळूरुच्या इंदिरानगरात पहाटे धावणाऱ्यास सुमारे ९०० मीटर उंचीवरची सौम्य हवा आणि पायांखाली डांबर लाभते. जैसलमेरच्या मरु राष्ट्रीय उद्यानाचा बेत आखायचा तर सराव बदलावा लागतो. मऊ वाळूत धावताना टणक जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा खर्च होते. तेव्हा अंतरापेक्षा वेळ मोजून धावणे बरे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम; मात्र रात्री कडाक्याची थंडी पडते, तंबूत जाड पांघरूण हवेच.

खरा प्रश्न वाट निवडण्याचा. ३,१६२ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात माळढोक राहतो. जगात असे अंदाजे १५० पक्षीच उरले असून मादी बहुधा एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर घालते. सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले, तरी तेथे त्याचे दर्शन आज दुर्मीळ आहे. म्हणूनच सुदासरीच्या संरक्षित गवताळ भागात धावण्याचा हट्ट धरू नये. तो वनविभागाच्या परवानगीने, वाटाड्यासह शांतपणे पाहावा. धावणे आणि मुक्काम सम किंवा खुरी गावालगतच्या रुळलेल्या वाटांवर, स्थानिकांना विचारून ठरवावा. पाणी मात्र सोबतच न्यावे.