विमान कंपनीची चिठ्ठी आणि परदेशी पाहुण्यांचा परवाना



कारखान्याच्या पत्रकात विमानाचा विषय कशाला, असे काहींच्या मनात येईल. पण आपल्या कार्यक्षेत्राचे रूप आता पालटले आहे. म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी या गावांच्या शिवारात जिथे ऊस आणि कांदा होता तिथे मोटारींचे कारखाने उभे आहेत. तिथे जर्मन येतात, कोरियन येतात, जपानी येतात. आपल्यातल्या कित्येकांनी बंगल्याचा वरचा मजला त्यांना भाड्याने दिला आहे. दुसरीकडे आपलीच मुले-मुली जर्मनीत, कॅनडात, लंडनला स्थायिक झाली, आणि सणाला, लग्नाला तिकडच्या सुना-जावई, व्याही गावाकडे येऊ लागले. म्हणून हे लिहावे लागते.

निमित्त घडले ते एका लग्नाचे. आमच्या एका सभासदाच्या मुलाचे व्याही जर्मनीहून यायचे होते. तिकिटे दोन महिने आधी काढलेली. निघायच्या आठवडाभर आधी त्यांना विमान कंपनीकडून ई-मेल आला की, भारतात प्रवेशाचा परवाना तपासा, तो नसल्यास विमानात घेता येणार नाही. व्याह्यांनी तो इकडे पाठवला. इकडे घरातल्या शहाण्या माणसाने सांगितले, "असले मेल फसवणुकीचे असतात, पुसून टाका." पुसला. मेल खरा होता. त्या मंडळींना वाटत होते की आपल्या पासपोर्टावर जवळपास सगळीकडे तसेच जाता येते, तर भारतातही येता येईल. उमगले तेव्हा तीन दिवस उरले होते. परवाना हातात पडून ते चाकणला पोचले तेव्हा हळद, लग्न, सत्यनारायण सगळे उरकले होते. मुलीच्या आईने मांडव उतरवताना पाहिला.

दुसऱ्या एका घरी बरोबर उलटे झाले. मुलीकडे कॅनडाला जायला निघालेल्या नवरा-बायकोला असाच मेल आला, त्यातल्या दुव्यावर बोट ठेवले, आणि 'प्रवास मान्यता' म्हणून कुणा भामट्याच्या पानावर पैसे भरले. त्यांच्याकडे रीतसर व्हिसा आधीच होता. त्यांना त्या मान्यतेची गरजच नव्हती!

आता हे मेल येतातच का, ते पाहू. परवाना नसलेला प्रवासी एखाद्या देशात उतरवला तर दंड विमान कंपनीला होतो. आपल्याकडे यासाठी २००० साली स्वतंत्र कायदाच झाला होता. पुढे १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसंबंधीचा नवा एकत्रित कायदा लागू झाला आणि जुने चार कायदे त्यात गेले. जबाबदारी मात्र वाहतूक करणाऱ्याची राहिलीच. त्यामुळे कंपनी तिकीट काढणाऱ्या सर्वांना सरसकट सूचना पाठवते. तुमचा पासपोर्ट कुठल्या देशाचा हे तिला पुष्कळदा त्या वेळी ठाऊकही नसते. म्हणजे मेल खरा असला तरी त्यातली गोष्ट तुम्हाला लागू असेलच असे नाही. घोटाळा इथेच होतो.

आपल्या भाषेत सांगायचे तर ही ऊसतोडीच्या चिठ्ठीसारखी व्यवस्था आहे. चिठ्ठी असल्याशिवाय गाडी भरायची नाही. पण चिठ्ठी आहे म्हणून वजन ठरत नाही, ते काट्यावरच ठरते. तसे ऑनलाइन मान्यता ही विमानात बसण्यापुरती. आत घ्यायचे की नाही हे उतरल्यावर इमिग्रेशनचा अधिकारी ठरवतो. अमेरिकेने अशी मान्यता जानेवारी २००९ पासून सक्तीची केली, कॅनडाने २०१६ पासून. ब्रिटनने २०२३ च्या अखेरीस कतारपासून सुरुवात केली, ८ जानेवारी २०२५ पासून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाच्या लोकांना आणि २ एप्रिल २०२५ पासून युरोपच्या लोकांना ती लावली. या तिन्ही मान्यता ज्यांना व्हिसा लागत नाही अशा देशांच्या लोकांसाठी आहेत. नुसत्या भारतीय पासपोर्टावर जाणाऱ्याला या तिन्ही देशांचा व्हिसाच लागतो. तेव्हा "तुमची मान्यता झाली, आता व्हिसा नको" असे कुणी भारतीय माणसाला सांगू लागला, तर तो एक तर अडाणी आहे किंवा चोर. नातू मात्र तिकडच्या पासपोर्टाचा असेल तर त्याचे नियम आजोबांपेक्षा वेगळे, हे विसरू नये.

इकडे येणाऱ्या पाहुण्यांचे पाहू. भारताचा ई-व्हिसा २७ नोव्हेंबर २०१४ रोजी ४३ देशांसाठी सुरू झाला, पुढे यादी खूप वाढली. अर्ज सरकारच्याच संकेतस्थळावर करायचा. त्या पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' असते. दिसायला हुबेहूब सरकारी, पण शेवटी डॉट कॉम किंवा डॉट ऑर्ग अशी पाने पुष्कळ आहेत. पोचण्याच्या किमान चार दिवस आधी अर्ज हवा. त्या व्याह्यांची गाडी इथेच चुकली. पासपोर्टाची मुदत सहा महिने शिल्लक हवी, कोरी पाने दोन हवीत, आणि तान्ह्या मुलाचाही अर्ज वेगळा भरावा लागतो. ई-व्हिसावर पुणे विमानतळावरही उतरता येते. जपानी आणि कोरियन पाहुण्यांना उतरल्यावर व्हिसा मिळण्याची जी सोय आहे ती मात्र मुंबई, दिल्ली अशा ठराविक मोठ्या विमानतळांवरच, पुण्यात नाही. पर्यटनाच्या व्हिसावर येऊन चाकणच्या कारखान्यात नोकरी करता येत नाही, हेही भाडेकरूला सांगून ठेवावे.

अर्ज भरताना एका अक्षराने काम अडते. जर्मन पासपोर्टाच्या क्रमांकात 'ओ' हे अक्षर कधीच नसते; जे दिसते ते शून्य असते. पण माणसे ओ भरतात, आणि मग विमानतळावर क्रमांक जुळत नाही. आपल्या लोकांची अडचण नावाची. पासपोर्टात स्वतःचे आणि वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. तिकिटावर एजंटाने मधले नाव गाळले की "नाव जुळत नाही" असा मेल येतो, आणि तो बहुधा खरा असतो. (गावाकडची हाक मारायची नावे तिकिटावर घातलेलीही आम्ही पाहिली आहेत.)

१ ऑक्टोबर २०२५ पासून आणखी एक गोष्ट आली. परदेशी पाहुण्याने भारतात पोचण्यापूर्वीच्या ७२ तासांत आगमनाचे कार्ड ऑनलाइन भरायचे. पूर्वी विमानात कागदाचे देत, तेच. हा व्हिसा नव्हे आणि याला एक पैसाही लागत नाही. याचे पैसे मागणारा मेल आला तर तो खोटा, इतके सरळ आहे.

मग खरा मेल ओळखावा कसा? आमचे म्हणणे असे की मेलकडे पाहून ओळखायच्या भानगडीत पडूच नये. हल्ली चिन्ह, रंग, भाषा सगळे हुबेहूब करता येते. तिकिटावर सहा अक्षरा-आकड्यांचा आरक्षण क्रमांक असतो. मेलमधल्या दुव्याला हात न लावता विमान कंपनीचे पान स्वतः उघडावे, तो क्रमांक आणि आडनाव घालावे. सूचना खरी असेल तर बहुधा तिथे दिसतेच; न दिसली तर तिकिटावर किंवा त्याच पानावर दिलेल्या नंबरवर फोन करावा. आणि कृपा करून तिकिटाचा फोटो भावकीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकू नये. तोच क्रमांक आणि तेच आडनाव मिळाले की कुणीही तुमचे आरक्षण उघडू शकतो.

कधी कधी तिकीटच न काढता तिकिटाचा मेल येतो. आपल्यात एका नावाची पाच-पाच माणसे. दुसऱ्या कुणी ई-मेलचा पत्ता लिहिताना एक अक्षर चुकवले की त्याचे तिकीट तुमच्याकडे. अशा वेळी 'रद्द करा'वर बोट ठेवू नये, त्या बिचाऱ्याचा प्रवास बुडेल. कंपनीला कळवून सोडून द्यावे.

ज्यांनी खोली भाड्याने दिली आहे त्यांच्यासाठी एक महत्त्वाचे. परदेशी माणूस मुक्कामाला आला की २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद करणे घरमालकाचे काम आहे. इकडे याला सी फॉर्म म्हणून ओळखतात. हॉटेलवाले करतात, आपण करत नाही, आणि पाहुण्याच्या पुढच्या कागदपत्रात तो खोडा होतो. लग्नाचे व्याही घरी राहिले तरी हाच नियम.

पैसे गेलेच तर लाजून बसू नये. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची आशा असते. मग पोलीस ठाण्यात जावे. चाकण, आळंदी, तळेगाव ही ठाणी १५ ऑगस्ट २०१८ रोजी स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतात, त्यामुळे आता पुण्याला खेपा घालायचे कारण नाही.

कॅनडाला निघालेले ते नवरा-बायको ठरल्या दिवशी विमानात बसले. भरलेले पैसे अजून आलेले नाहीत. त्यांनी फोन केला तो नवव्या दिवशी.