कापलं नाही, तर मरतं

इंग्लंडच्या पूर्व टोकाला, नॉरफोकमध्ये ‘ब्रॉड्स’ नावाची उथळ तळी आहेत. ती निसर्गनिर्मित असावीत, असंच बराच काळ मानलं जात होतं. १९५०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ जॉइस लॅम्बर्ट यांनी काठाकाठाने बरमा घालून माती तपासली, तेव्हा गाळाखाली उभ्या, सरळ कापलेल्या कडा सापडल्या. निसर्ग असं खणत नाही. मध्ययुगात लोकांनी जळणासाठी पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, खणून नेला होता. पुढे पाणी चढलं आणि खाणींची तळी झाली. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या आसपास आणखी उथळ खड्डे पडले, तेही पीटसाठीच.

असं पाणी बुजायला लागतंच. काठाचं नळगवत आत सरकतं, काडीकचऱ्याची तरंगती गादी तयार होते, तिच्यावर विलो, अल्डर ही झाडं उगवतात आणि शेवटी ओलं रान माजतं. हे अनुक्रमण. इथल्या फेन ऑर्किड या वनस्पतीला यातला एकच टप्पा मानवतो: गादी तयार झालेली, पण सावली अजून पडलेली नाही. उंची जेमतेम वीतभर. बुडाशी दोन तुकतुकीत पानं, वर पिवळट हिरवी फुलं. गवतात गुडघे टेकल्याशिवाय दिसणार नाही.

हा टप्पा टिकत होता तो विळ्यामुळे. नळगवत कापून छप्पर शाकारायला जायचं, करवतीसारख्या पात्यांचं सेज गवत आढ्यावर बसायचं. धंदा बसला, झुडपं माजली आणि ऑर्किड हटत गेलं.

म्हणजे इथे माणसाचा हात हवाच होता; पण राखीव जागेत कुणी पाऊल टाकू नये, ही समजूत आपल्याकडेही पक्की. माणसानेच बांध घालून घडवलेल्या राजस्थानातल्या भरतपूरच्या पाणथळीत १९८२ साली म्हशींची चराई बंद झाली. त्यानंतर गवताने पाणी व्यापलं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासात म्हशींचं महत्त्व पुढे आलं.

ब्रॉड्समध्ये आता झुडपं तोडतात, गवत आळीपाळीने कापतात. कापलेलं उचलून बाहेर न्यावं लागतं, हेच खरं किचकट काम. तिथेच कुजू दिलं तर खत होऊन दांडगट गवतच फोफावतं. काही ठिकाणी पीट खरवडून नवे उथळ खड्डेही केले आहेत. तेही बुजणारच, म्हणून जुने भरण्याआधी जवळपास नवे तयार हवेत. ऑर्किडचं बी धुळीइतकं बारीक, वाऱ्यावर जाणारं. त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतो, त्यामुळे पडेल तिथे योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं.