वादळात पत्रे उडाले, तर विमा मिळतो?

मिळतो, पण नुकसान वादळानेच झालेले असावे लागते. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ ऊना-दीवजवळ किनाऱ्यावर आदळले आणि सुरतेतही झाडे-पत्रे सोसाट्याच्या वाऱ्यात सापडले. खानदेशातून येऊन भेस्तान, पांडेसरा, उधना भागात स्थिरावलेल्या आपल्या माणसांच्या घरांवर अनेक ठिकाणी पत्राच असतो, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवे.

1 एप्रिल 2021 पासून विमा कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देतात. तिच्यात आग, भूकंप, पूर यांच्याबरोबर वादळही येते. विमा रक्कम जागेच्या बाजारभावावर नव्हे, तर घर पुन्हा बांधायच्या खर्चावर ठरते. पडलेला राडारोडा उचलण्याचा खर्चही दाव्याच्या 2 टक्क्यांपर्यंत मिळतो.

गाडी अडते ती इथे: गंजलेले हूक, वर्षानुवर्षांची गळती, झिजलेला पत्रा. ही झीज झाली, वादळाचे नुकसान नव्हे, आणि विमा कंपनीने पाठवलेला सर्व्हेअर नेमके तेच पाहतो. त्यामुळे पावसाळ्याआधी छताचे तारखेसह फोटो काढून ठेवा. पत्रे उडाल्यावर ताडपत्री जरूर टाका, पण त्याआधी पुन्हा फोटो घ्या, तुटलेले तुकडे भंगारात देऊ नका आणि कंपनीला लगेच कळवा.

खाली लूमचा कारखाना आणि वर बिऱ्हाड असेल, तर मात्र लक्ष द्या. ‘भारत गृह रक्षा’ फक्त राहत्या घराची आहे. कारखान्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ वेगळी घ्यावी लागते.