सुधाकर पुन्हा का पितो?

दारूवरचं मराठीतलं सगळ्यात गाजलेलं नाटक ज्यांनी लिहिलं, त्यांना त्याचा एकही प्रयोग पाहायला मिळाला नाही. राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी सावनेरला वारले; वय अवघं 33. 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं ते त्यांच्या माघारी. गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगात गणपतराव बोडस सुधाकर झाले, बालगंधर्व त्याची बायको सिंधू. एरवी भरजरी शालूंत मिरवणारे बालगंधर्व या नाटकात दरिद्री सिंधूच्या फाटक्या वस्त्रांत उभे राहिले.

तेव्हापासून समीक्षक एका प्रश्नावर भांडत आले आहेत. सुधाकर हुशार वकील. मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळापुरती जाते, आणि त्या मानभंगाने पोळलेल्या माणसाच्या हातात दारुडा तळीराम पहिला प्याला देतो. मग ही शोकांतिका दारूची की अहंकाराची? काहींच्या मते एवढा मानी माणूस दारू नसती तरी बुडालाच असता. काहींना पटतच नाही की एवढ्याशा अपमानाने एवढा शहाणा माणूस रसातळाला जाईल. तळीरामाच्या 'आर्य मदिरा मंडळा'त इतकं हसू येतं की दारूचं भय राहतं कुठे, अशीही तक्रार असते. माझ्या मते ते हसू तिथे हवंच. व्यसनाची सुरुवात बहुतेकदा अशाच हसत्याखेळत्या बैठकीत होते.

इकडे टेंभुर्णीत हे नाटक परवा पुन्हा वाचलं आणि प्रतिज्ञेच्या भागापाशी थबकलो. सुधाकर दारू सोडायची शपथ घेतो. मनापासून घेतो. काम मागायला जुन्या ओळखीच्यांकडे जातो, तिथे अवहेलना पदरी पडते, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. पुष्कळांना हा निव्वळ दुबळेपणा वाटतो. पण मेंदूत काय चाललेलं असतं ते पाहा. दारू मेंदूला शांत करते. रोज प्यायली की मेंदू तोल सावरायला उलट बाजूने जोर लावतो, स्वतःला चेतवत राहतो. दारू एकाएकी थांबली की तो जोर तेवढा शिल्लक उरतो: हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, कधी भास होतात, झटके येतात. म्हणून तर मुरलेल्या पिणाऱ्याने डॉक्टरच्या देखरेखीशिवाय एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं. शरीराचा हा त्रास काही दिवसांत ओसरतो. ओळखीच्या खुणा मात्र मेंदूत राहतात. तोच मित्र, तोच रस्ता, तोच अपमान समोर आला की तलफ उसळून येते. सुधाकर घसरतो तो नेमका अपमानाच्या क्षणी! हे शास्त्र हाताशी नसताना गडकऱ्यांनी ते नुसत्या निरीक्षणाने टिपलं.

एकदा पहिला प्याला घेतला की सुटका नाही, असं सुधाकर आपल्या मित्राला, रामलालला सांगतो. 1935 साली अमेरिकेत सुरू झालेली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटनाही पहिल्याच प्याल्यावर बोट ठेवते, पण आशेने: तो फक्त आजच्या दिवसापुरता टाळ, उद्याचं उद्या. एकच निरीक्षण, सुधाकरासाठी ते फाशी, आणि या मंडळींसाठी सुटकेची वाट.

मराठी मुलखात ती वाट पुण्याच्या 'मुक्तांगण'ने रुळवली. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 साली ते केंद्र उभं केलं, पु. ल. देशपांड्यांनी आर्थिक पाठबळ दिलं. तिथे व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' हा गटही चालतो. हे कळल्यापासून सिंधूवरची टीका मला निराळीच वाटू लागली. ती फारच आदर्श पतिव्रता आहे, असा आक्षेप जुना आहे. नवऱ्याच्या काठीने जिवानिशी जात असतानाही ती पोलिसांपुढे त्याच्यावर आळ येऊ देत नाही. व्यसनमुक्तीचं काम करणारे आज घरच्यांना पहिल्यांदा हेच सांगतात की त्याच्या चुकांवर पांघरूण घालू नका, त्याने आजार लांबतो. सिंधूला हे सांगणारं 1919 साली कुणीच नव्हतं.